बिऱ्हाडकरूंचा वाडा

पुण्याच्या शनिवार पेठेत मी भाड्याने घेतलेली जागा दोन खणांची होती. पुढचा खण बसण्या-झोपण्याचा, मागचा स्वयंपाकाचा. दोन सागवानी खांबांमधला एक खण, अशा हिशेबानेच वाड्यातली जागा सांगायची रीत. भिंती हातभर जाड, त्यांत दोन कोनाडे आणि एक फडताळ. संडास चौकापलीकडे, सामायिक. माझा करार अकरा महिन्यांचा होता. शेजारच्या आजींची भाडेपावती मात्र अजून त्यांच्या सासऱ्यांच्या नावाने फाटत होती आणि त्यांचं महिन्याचं भाडं माझ्या दोन वेळच्या जेवणापेक्षा कमी होतं.

त्या भाड्यामागे कायदा होता. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने १ सप्टेंबर १९४० रोजी असलेलं भाडं प्रमाण मानलं. भाडेकरूंना त्याने आधार दिला. पण पुढे महागाई वाढत गेली, भाडं जागच्या जागी राहिलं आणि मालकाला कौलं शाकारणंही परवडेना. १९९९ चा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला, वर्षाला चार टक्के वाढीची मुभा मिळाली. तोवर पेठांतले किती तरी वाडे टेकूंवर आले होते.

संध्याकाळी दिवा लावून झाला की आजी उंबऱ्याशी बसत आणि सांगत. त्यांच्या आजेसासूबाई प्लेगच्या साली, १८९७ मध्ये, याच वाड्यात नवी सून होत्या. तेव्हाही बिऱ्हाड भाड्याचंच. आढ्यावरून उंदीर पडू लागले की घर सोडायचं, गावाबाहेर झोपडीत राहायचं. गोरे सोजिर घरतपासणीला येत, अंथरुणं-भांडी रस्त्यावर फेकत, बायाबापड्यांना चौकात उभं करत. आजेसासूबाईंनी ताप आलेल्या धाकट्या दिराला माळ्यावर गोवऱ्यांच्या राशीआड लपवलं होतं. त्याचा ताप साधाच निघाला, तो वाचला. त्याच साली २२ जूनच्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी या तपासण्या चालवणाऱ्या प्लेग अधिकारी रँडवर गोळ्या झाडल्या, हे आपण शाळेत शिकतो. त्या गोळ्यांमागे घरोघरी काय साचलं होतं, ते मला गोवऱ्यांआडच्या दिरामुळे कळलं.

पानशेतचा पूर आजींनी स्वतः पाहिला होता. १२ जुलै १९६१, बुधवार. मातीच्या धरणाचं काम पुरं व्हायचं होतं. सकाळी पानशेत फुटलं, मागोमाग खडकवासला गेलं. वाड्यात पाणी आधी मोरीतून उलटं वर आलं, मग दिंडी दरवाजातून लोंढा शिरला. वरच्या बिऱ्हाडाने नऊवारी लुगड्याला गाठी मारून ते खाली सोडलं आणि आजींची दोन्ही मुलं वर ओढून घेतली. आजी मात्र कमरेइतक्या पाण्यातून पुन्हा खोलीत गेल्या, ते फडताळातला पत्र्याचा डबा आणायला. त्यात दागिने नव्हते, भाडेपावत्या होत्या. पावती गेली तर जागेवरचा हक्कच गेला, ही त्यांची भीती.

एकदा त्यांनी तो डबा मला उघडून दाखवला. रेव्हेन्यू स्टॅम्पांचा रंग उडालेला, शाई पसरून निळे डाग झालेले, आणि कडांना मुठेचा गाळ सुकून राहिलेला. पाणी ओसरल्यावर दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांच्या शेजारी त्यांनी या पावत्याही वाळवल्या होत्या.

पुरात तगलेली पश्चिमेकडची सोप्याची भिंत नंतरच्या उन्हात बसली. आतून ओली झालेली पांढरी माती वाळता वाळता भेगाळली आणि एका दुपारी सगळं खाली आलं. तिथली चार बिऱ्हाडं गोखलेनगरच्या पूरग्रस्त वसाहतीत गेली. धरण गेल्यामुळे नळ कोरडे होते, म्हणून पेशव्यांनी कात्रजहून आणलेल्या पाण्याच्या जुन्या हौदांवर पुन्हा कळशांच्या रांगा लागल्या, असं आजी सांगत. आपल्या हौदाचं पाणी सगळ्या आळीने भरलं, हे सांगताना त्यांच्या आवाजात अभिमान असे.

वाडा मालकाच्या नावाने ओळखला गेला, पण तो राहता ठेवला बिऱ्हाडकरूंनी. मालकांची नावं सनदांत आणि मिळकत पत्रिकांत मिळतात. तापलेल्या दिराला लपवणारी सून, लुगडं खाली सोडणारं वरचं बिऱ्हाड, पावत्या वाळवणारी आजी यांची नोंद कुठल्याच दप्तरात नाही. आमच्या वाड्याच्या जागी आता पाच मजली इमारत उभी आहे, आणि वाडे पडायचे थांबलेले नाहीत.

म्हणून पेठांत राहणाऱ्या आणि राहून गेलेल्या प्रत्येकाला माझी विनंती आहे. घरातल्या थोरांना विचारा: कुठल्या वाड्यात होतात, किती खणांत, शेजारी कोण, भाडं किती, पुराच्या दिवशी कुठे होतात? उत्तरं तारीखवार लिहून ठेवा आणि जुन्या पावत्या रद्दीत घालू नका. सांगणारी माणसं आहेत तोवरच हे काम होण्यासारखं आहे.