पानफुटीचा आंबटपणा

कुंडीच्या कडेला पडलेल्या पानापासूनहि नवें रोप उगवतें, ह्या कौतुकामुळें पानफुटी आपल्याकडील मुलांना ठाऊक असते. परंतु त्याच पानाची चव सकाळीं एक व सायंकाळीं दुसरी असते, हें किती जणांनीं पाहिलें असेल? मद्रास इलाख्यांत कंपनी सरकारच्या नोकरींत राहिलेल्या बेंजामिन हाइने ह्या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञानें तें पाहिलें. १८१३ मध्यें लॅम्बर्ट ह्यांस लिहिलेल्या पत्रांत त्यानें कळविलें कीं, हें पान सकाळीं चुक्यासारखें आंबट लागतें, दुपारीं बेचव होतें व संध्याकाळकडे किंचित् कडवट. लंडनच्या लिनियन सोसायटीनें तें पत्र १८१५ मध्यें छापलें. उपकरण काय, तर जीभ! आजच्या प्रयोगशाळेंत कोणी असें पान चावूं लागला तर त्यास बाहेरची वाट दाखवितील.

त्यापूर्वींच, १८०४ मध्यें, जिनीव्हाच्या द सोस्यूर ह्यानें निवडुंगाचीं कांडें अंधारांत कर्बाम्लवायु शोषून घेतात, असें नमूद केलें होतें. हीं एकाच दोऱ्याचीं दोन टोकें होत, हें नीट उलगडावयास विसावें शतक निम्में सरावें लागलें.

झाडाची अडचण अशी. कर्बाम्लवायु आंत घ्यावयाचा तर पर्णरंध्रें उघडलीं पाहिजेत. आणि तीं भर उन्हांत उघडलीं कीं अंगांतील पाणी वाफ होऊन जातें. अन्न मिळवावें तर तहानेनें मरावें, पाणी राखावें तर उपासानें! पानफुटी, निवडुंग, घायपात ह्यांनीं ह्यांतून काढलेली वाट म्हणजे बाजार रात्रीं व स्वयंपाक दिवसां. रात्रींच्या गारव्यांत घेतलेला वायु मॅलिक अम्लाच्या रूपानें पेशींतील पोकळींत सांठवावयाचा. उजाडल्यावर दारें लावून घेऊन त्याच अम्लांतून तो मोकळा करावयाचा व सूर्यप्रकाशाच्या बळावर त्याची साखर बनवावयाची. हाइनेच्या जिभेस लागला तो आंबटपणा म्हणजे रात्रभरांत भरलेली ही कोठी. कोठी लहान, म्हणून वाढहि मंद.

मात्र सर्वच मांसल वनस्पति आरंभापासून ह्या रीतीनें चालत नाहींत, आणि हें प्रकरण आम्हांस सर्वांत विलक्षण वाटतें. दक्षिण आफ्रिकेंतील मेसेम्ब्रिॲन्थेमम क्रिस्टलिनम हें झुडूप पाणी मुबलक असतां गव्हाप्रमाणें दिवसांच वायु घेतें. १९७२ मध्यें क्लाउस विंटर व फॉन विलर्ट ह्यांनीं त्याच्या मुळांशीं मीठ घातलें. मिठामुळें मुळांस पाणी ओढणें जड जातें. म्हणजे तें एक प्रकारचें अवर्षणच. झुडूप रात्रपाळीवर आलें! नुसत्या कोरडेपणानेंहि तसेंच घडतें, हेंहि पुढें दिसून आलें. तहान लागली कीं त्याच पानांत रात्रीं वायु पकडणारें एंझाइम मोठ्या प्रमाणांत तयार होऊं लागतें.

आणि अवर्षण फारच लांबलें तर? कॅलिफोर्नियाच्या वाळवंटांतील एका निवडुंगाविषयीं स्झारेक, जॉन्सन व टिंग ह्यांनीं १९७३ मध्यें दाखविलें कीं, अशा काळांत त्याचीं रंध्रें दिवसां मिटलेलीं असतात आणि रात्रींहि मिटलेलीं. तरीहि आंबटपणा रात्रीं चढतो, दिवसां उतरतो; कारण स्वतःच्याच श्वसनांतून सुटलेला वायु तो पुन्हां पुन्हां वापरीत असतो. वाढ म्हणून कांहीं होत नाहीं, पण यंत्र बंदहि पडत नाहीं. पाऊस झाल्यावर रंध्रें पूर्ववत् रात्रीं उघडूं लागतात.