पेंटॅगॉनच्या पंचकोनाचें मूळ

अमेरिकेचें लष्करी मुख्यालय पेंटॅगॉन पंचकोनी कां, याचें उत्तर जुन्या पंचकोनी किल्ल्यांच्या अनुकरणांत शोधिलें जातें. आमच्या मतें हा तर्क टिकत नाहीं. १९४१ सालीं जनरल सॉमरव्हेल यांनीं प्रथम पसंत केलेली आर्लिंग्टन येथील जागा पांच बाजूंनीं रस्त्यांनीं वेढलेली होती. स्थापत्यविशारद बर्गस्ट्रॉम यांनीं तिजबरहुकूम विषम पंचकोन आंखिला. किल्ल्याचें अनुकरण असतें तर ही विषमता कां आली असती? पुढें लष्करी दफनभूमीवरून दिसणारा राजधानीचा देखावा झांकला जाईल म्हणून अध्यक्ष रूझवेल्ट यांनीं जागा बदलविली. वेळ थोडा असल्यानें आकृति कायम राहिली, मात्र सम झाली. ११ सप्टेंबर १९४१ रोजीं आरंभिलेलें काम, पोलाद वांचविण्यासाठीं काँक्रीट व उतरते मार्ग योजून, १६ महिन्यांत पुरें झालें. तस्मात् या आकृतीचें मूळ पहिल्या जागेच्या रस्त्यांतच मानावें लागतें.