काचेवरचा तिसरा फरिश्ता

मागच्या हिवाळ्यात उमराण्याचे एक पालक शाळा सुटायच्या वेळी फाटकाशी उभे होते. मुलाच्या परीक्षेचं काही असेल म्हणून मी थांबलो. त्यांनी खिशातून मोबाइल काढून माझ्यासमोर धरला. "सर, जरा पढ के बताओ, इसमें मेरे बारे में क्या लिखा है."

ते एका ट्रान्सपोर्टच्या आयशरवर आहेत. उमराण्याच्या खळ्यांवरून कांदा भरायचा आणि रात्रीतून वाशीच्या बाजारात पोचवायचा, हे त्यांचं काम. मालकानं काही महिन्यांपूर्वी समोरच्या काचेला आतून एक कॅमेरा बसवला होता. दर आठवड्याला त्याचा अहवाल येई, तोही इंग्रजीत. उर्दू-मराठी शिकवणाऱ्याकडे माणसं इंग्रजीचे कागद घेऊन येतात, हा आमच्या भागातला जुना रिवाज आहे. कोर्टाची नोटीस असो की दवाखान्याचा रिपोर्ट. मी वाचून दाखवलं. जांभई, दोन वेळा. पुढच्या गाडीच्या फार जवळ, एक वेळ. डोळे मिटले, एक वेळ, इगतपुरीजवळ, पहाटे 2 वाजून 50 मिनिटं. प्रत्येक नोंदीपुढे कापलेले गुण होते आणि त्या गुणांवर महिन्याचा भत्ता ठरत होता.

"कंधे पे दो तो थेच सर, अब काच पे तीसरा बिठा दिया," ते हसत म्हणाले.

किरामन कातिबीन, म्हणजे माणसाच्या दोन खांद्यांवर बसून त्याचं बरंवाईट लिहिणारे फरिश्ते, आपल्या घरात लहान मूलही जाणतं. विनोद चांगला होता, पण घरी येईपर्यंत तो माझ्या डोक्यातून गेला नाही. हा तिसरा लिहिणारा आला कुठून?

आपल्याकडची सुरुवात एसटीपासून करावी लागते. 1 जून 1948 रोजी अहमदनगरहून पुण्याला एसटीची पहिली गाडी सुटली. चालक होते किसन राऊत, वाहक लक्ष्मण केवटे. तेव्हापासून कित्येक वर्षं गाडीवरची खरी पाळत वाहकावर होती, कारण पैसा त्याच्या पिशवीत असे. तपासणी पथक वाटेत चढायचं ते तिकिटं पाहायला. चालकाचा हिशेब दोनच गोष्टींचा: गाडी वेळेत पोचली का, आणि डिझेल किती जाळलं. तो कसा चालवतो हे पाहणारे लोक म्हणजे त्याच्या पाठीमागे बसलेले आपण प्रवासी. आपण 'वाहन चालू असताना चालकाशी बोलू नये' ही पाटी वाचत मुकाट बसायचो, फार तर एखादी म्हातारी "भाऊ, जरा हळू" म्हणायची. प्रवाशाची ही नजर अजून संपलेली नाही. मार्च 2025 मध्ये दादर–स्वारगेट ई-शिवनेरीचा चालक गाडी चालवताना मोबाइलवर क्रिकेट पाहत होता. ते एका प्रवाशानंच टिपलं आणि परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांना पाठवलं. चालकाची नोकरी गेली, बस पुरवणाऱ्या खासगी कंपनीला 5,000 रुपये दंड झाला.

युरोपात मात्र चालकावर नजर ठेवणारं यंत्र बरंच आधी आलं. त्याचं नाव टॅकोग्राफ. घड्याळासारखं यंत्र, त्यात कागदाची एक गोल चकती. चोवीस तासांत ती एक फेरी पूर्ण करते आणि गाडी कधी चालली, किती वेगानं, किती अंतर, कधी थांबली, हे सुई तिच्यावर कोरत जाते. 1970 च्या सुमारास युरोपीय समुदायानं मालवाहू गाड्यांना हे यंत्र सक्तीचं करण्याचे नियम केले. ब्रिटनमधल्या ट्रकचालकांनी त्याला नाव दिलं 'स्पाय इन द कॅब', केबिनमधला हेर. त्यांच्या संघटनांचा विरोध इतका होता की ब्रिटिश सरकारनं सक्ती लांबवत नेली. शेवटी 1979 मध्ये युरोपीय न्यायालयानं ब्रिटनविरुद्ध निकाल दिला.

इथं मला थोडं थांबायचं आहे, कारण या हेराचा स्वभाव मजेशीर होता. तो ड्रायव्हरवर बसवला होता, पण साक्ष मालकाविरुद्धही देत होता. चकतीवर तास उमटत. ड्रायव्हरला चौदा तास स्टिअरिंगवर बसवलं तर ते लपवायची सोय नव्हती (चकत्या बदलण्याच्या लबाड्या झाल्या, तो भाग निराळा). आजही युरोपात दिवसाला साधारण 9 तास गाडी चालवणं आणि सलग साडेचार तासांनंतर 45 मिनिटांची विश्रांती हा नियम त्याच यंत्राच्या आधारानं पाळला जातो. चकतीला ड्रायव्हरचा चेहरा दिसत नव्हता. त्याचा दिवस दिसत होता.

आपल्याकडे तासांचा कायदा नव्हता असं नाही. मोटार ट्रान्सपोर्ट वर्कर्स अ‍ॅक्ट 1961 चा. दिवसाला 8 तास, आठवड्याला 48, आणि सलग 5 तासांच्या आत किमान अर्धा तास विश्रांती. तो लागू होता पाच किंवा अधिक कामगार असलेल्या धंद्याला; पुढे मोटार वाहन कायद्यानं तेच तास वाहतुकीच्या सगळ्या गाड्यांच्या चालकांना लावले. आता 1961 चा तो कायदा नव्या श्रमसंहितेत विरघळला आहे. पण तासांची नोंद राहिली मालकाच्या वहीत. तास मोजणारं यंत्र आपल्या ट्रकमध्ये सर्रास कधी आलंच नाही. टॅकोग्राफची पायरी आपण गाळली आणि एकदम चेहऱ्यापाशी येऊन पोचलो.

चेहऱ्याचं शास्त्र अमेरिकेत घडलं. 1994 च्या सुमारास व्हर्जिनियातले वॉल्टर वियरविल आणि त्यांचे सहकारी माणसांना गाडीच्या नकली केबिनमध्ये बसवून झोप कशी येते ते तपासत होते. त्यातून एक माप निघालं, पर्क्लोज. ठरावीक वेळेपैकी किती टक्के वेळ पापणी 80 टक्क्यांहून जास्त मिटलेली होती, एवढंच ते मोजतं. उघडझाप मोजत नाही. जड झालेली, हळूहळू खाली येणारी पापणी मोजतं. आजच्या कॅमेऱ्यांच्या मुळाशी हाच विचार आहे. आत वळलेली भिंग अंधारातही इन्फ्रारेडच्या उजेडात चेहरा पाहते, डोळ्यांच्या आणि ओठांच्या कडांवर बिंदू मांडते आणि त्या बिंदूंमधलं अंतर सतत मोजत राहते. डोळ्यातलं अंतर कमी झालं म्हणजे झोप. ओठांतलं अंतर काही वेळ वाढलेलं राहिलं म्हणजे जांभई. मान खाली आणि हात कानाशी म्हणजे मोबाइल. दुसरी भिंग रस्त्याकडे असते. ती पुढची गाडी किती सेकंदांच्या अंतरावर आहे ते काढते. हा सगळा हिशेब डबीतच होतो आणि काही सेकंदांचा तुकडा सिमकार्डावरून मालकाच्या पडद्यावर जातो.

सुरुवातीच्या डबीला हे कळत नव्हतं. 1998 मध्ये अमेरिकेत निघालेली ड्राइव्हकॅम नावाची कंपनी घ्या. तिचा कॅमेरा गाडीला हिसका बसला की आगेमागेचे काही सेकंद साठवून ठेवायचा आणि ते माणसं बसून पाहायची. पुढे यंत्रालाच पाहायला शिकवलं गेलं. 2015 मध्ये सुरू झालेल्या नेट्राडाइन या कंपनीचं एक पाऊल सॅन डिएगोत आणि दुसरं बंगळुरूत. तिचे कॅमेरे 2021 मध्ये अमेरिकेत अ‍ॅमेझॉनचा माल पोचवणाऱ्या गाड्यांत बसले, तेव्हा ड्रायव्हरांकडून संमतीपत्रावर सह्या घेतल्या गेल्या आणि काहींनी सही करण्याऐवजी काम सोडलं. याच कंपनीची गुणपद्धत चांगलं चालवल्याचीही नोंद घेते, असं वाचलं तेव्हा मला पुन्हा त्या दोन फरिश्त्यांची आठवण झाली. उजव्या खांद्यावरच्याला कामावर ठेवणारे मालक किती, हा प्रश्न वेगळा.

आता आमच्या रस्त्याकडे येतो. देवळ्यात राहणाऱ्या माणसानं गाडीच्या सुरक्षेबद्दल लिहायचं आणि मेशी फाट्याचं नाव घ्यायचं नाही, हे होणार नाही. 28 जानेवारी 2020. मालेगाव–देवळा रस्त्यावर कळवणकडे निघालेली एसटी आणि समोरून आलेली अ‍ॅपेरिक्षा यांची धडक झाली आणि दोन्ही रस्त्यालगतच्या विहिरीत गेल्या. आधी रिक्षा, तिच्यावर बस. 26 माणसं गेली. रिक्षातलं कुटुंब मालेगाव तालुक्यातलं, आपल्या समाजातलं, सोयरिकीच्या कामानं निघालेलं. रात्री क्रेनच्या उजेडात विहिरीच्या काठावर कोण हिंदू, कोण मुसलमान हे पाहायला कुणाला सवड नव्हती. जनाजे आणि अंत्ययात्रा एकाच तालुक्याच्या रस्त्यांवरून निघाल्या.

त्या बसमध्ये कॅमेरा असता तर काय झालं असतं, हे छातीठोकपणे सांगणारा माणूस मला खोटा वाटेल. पण एक गोष्ट सांगता येते. रस्त्याकडे पाहणाऱ्या भिंगेला आधी नावं शिकवावी लागतात. हजारो छायाचित्रांत माणसं बसून रेघा ओढतात: ही मोटार, हा माणूस, हा रस्ता. या कामासाठी जगभर वापरला गेलेला एक मोठा संग्रह 2016 चा, सिटीस्केप्स नावाचा, जर्मनीतल्या आणि आसपासच्या 50 शहरांतला. त्यात ऑटोरिक्षा हा प्रकारच नाही. जर्मनीत रिक्षा नाही, तर नाव कशाला असेल? हैदराबादच्या ट्रिपल आयटीनं पुढे हैदराबाद आणि बंगळुरूच्या रस्त्यांवरची 10,000 छायाचित्रं घेऊन भारतासाठी संग्रह केला, तेव्हा ऑटोरिक्षा स्वतंत्र प्रकार म्हणून आली, जनावरं आली. आणि आणखी एक प्रकार त्यांना काढावा लागला: डांबर संपल्यावरची ती मातीची जागा, जी रस्ता नाही पण जिच्यावर गाडी उतरू शकते. जर्मन रस्त्याला काठ असतो. आपल्याला साइडपट्टी असते. आमच्या भागात साइडपट्टीच्या पलीकडे पुष्कळदा शेत असतं आणि शेतात विहीर.

अल्लाहनं आदमला आधी वस्तूंची नावं शिकवली, हे आम्ही मुलांना सांगतो. रिक्षेचं नाव यंत्राला 2018 च्या पुढे कळलं. विहिरीचं अजून कुणी शिकवल्याचं माझ्या वाचनात नाही.

कॅमेरा रस्त्याच्या बाजूनंही बोलू शकतो, याचं उदाहरण महाराष्ट्रातच आहे. 2021 मध्ये नागपुरात आय-रास्ते नावाचा प्रकल्प सुरू झाला. इंटेल, हैदराबादची ट्रिपल आयटी, केंद्रीय रस्ते संशोधन संस्था, महिंद्र आणि नागपूर महानगरपालिका असे सगळे त्यात होते. शहर बसवर रस्ता पाहणारी यंत्रं बसवली. पुढची गाडी जवळ आली की चालकाला तिथंच इशारा, शिवाय चालकांना प्रशिक्षण. मला त्यातली मोलाची वाटलेली गोष्ट दुसरी. बसगाड्यांना जिथं वारंवार इशारे मिळतात त्या जागा नकाशावर मांडायच्या आणि तिथं अपघात होऊन 'ब्लॅक स्पॉट' ठरण्याआधीच त्यांना 'ग्रे स्पॉट' म्हणून दुरुस्तीला घ्यायचं. म्हणजे दहा चालक एकाच वळणावर चुकत असतील तर चूक वळणाची असेल, एवढं ऐकून घेण्याची तयारी. खासगी ट्रान्सपोर्टच्या अहवालात असा रकाना मी पाहिला नाही. तिथं प्रत्येक नोंद एका ड्रायव्हरच्या नावावर पडते.

केंद्र सरकारनं 2025 मध्ये मोठ्या बस आणि ट्रकमध्ये झोपेचा इशारा देणारी यंत्रणा सक्तीची करण्याचा मसुदा काढला. त्याच वर्षी 1 ऑक्टोबरपासून तयार होणाऱ्या नव्या ट्रकना वातानुकूलित केबिन बंधनकारक झाली. दोन्ही चांगलंच आहे. उमराण्याची ती आयशर मात्र जुनी आहे. मे महिन्यात तिच्या केबिनमध्ये इंजिनाची धग पायाशी असते.

तर ते पालक. मी विचारलं, जांभईचं काय? ते लाजले. "सर, वो जांभई नहीं है. मैं नात पढता हूं, जोर से. नींद ना आए इसलिए." लांब आलाप घेताना तोंड उघडं राहत होतं आणि यंत्र ते लिहून घेत होतं. ज्या उपायानं माणूस जागा राहत होता तोच त्याच्या नावावर झोप म्हणून चढत होता. मला हसू आलं, त्यांनाही. मग डोळ्यांच्या नोंदीचं विचारलं. ते गप्प झाले. "वो सच है. पलक लगी थी."

त्या दिवशी काय काय केलं होतं ते मी विचारत गेलो. फजरला उठले. नऊला बाजार समितीत, लिलाव होईपर्यंत गाडी रांगेत. दुपारी खळ्यावर, हमाल कमी होते, गोण्या भरता भरता रात्रीचे दहा वाजले. मध्ये गाडीखाली तासभर अंग टाकलं. साडेअकराला निघाले, कारण वाशीला पहाटेच्या आत पोचलं नाही तर भाव पडतो. इगतपुरीला पापणी लागली तेव्हा ते बावीस तासांपासून उठलेले होते. अहवालात सगळा प्रवास साडेअकरापासून सुरू होत होता, कारण इंजिन साडेअकराला सुरू झालं होतं.

आम्ही दोघांनी मालकाला उत्तर लिहिलं. त्यांनी सांगायचं, मी इंग्रजीत करायचं. दोन जांभया ही जांभई नव्हे, नात आहे, आवाज ऐकावा. गाडी जवळ गेली कारण मधे मोटारसायकल घुसली. चित्रात ती दिसते. डोळे मिटल्याची नोंद बरोबर आहे. हे वाक्य लिहू नये असं मी सुचवून पाहिलं, त्यांनी ऐकलं नाही. "लिखा हुआ है तो है." मग मी खाली माझ्या मनानं एक ओळ घातली, की चालक पहाटे पाचपासून कामावर होता आणि हे लिहायला अर्जात जागा नसल्यामुळे इथं लिहीत आहे.

चार दिवसांनी उत्तर आलं. जांभयांचे गुण परत मिळाले. मोटारसायकलचेही. डोळ्यांचे कापलेले तसेच राहिले आणि तासांबद्दल काही नव्हतं. खाली एक सूचना होती: गाडी चालवताना मोठ्यानं गाणं टाळावं, यंत्राच्या वाचनात अडथळा येतो.

परवा त्यांचा मुलगा वर्गात भेटला. अब्बा कसे आहेत म्हणून विचारलं. म्हणाला, वाशीला गेलेत. नात अजून म्हणतात का? "म्हणतात सर. पण आता मनातल्या मनात."