तिसऱ्यांचा चुना

वसईचा किल्ला म्हटलं की १७३९ साल आणि चिमाजी अप्पा आठवतात. खाडीच्या अलीकडे, मीरा-भाईंदरच्या हद्दीतल्या घोडबंदर किल्ल्याची ओळखही पोर्तुगीज आणि मराठे यांच्या लढायांतूनच करून दिली जाते. मला मात्र आज या खाडीतल्या तिसऱ्यांविषयी बोलायचं आहे.

तिसरी म्हणजे रेतीमिश्रित चिखलात पुरून राहणारा, दोन शिंपांतला जीव. कोकणात कुठे तिला शिवल्या म्हणतात, कुठे मुळे, गोव्यात तिसऱ्यो. तिच्यासाठी होडी लागत नाही, लागते ती तिथीची जाण. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात भरती जितकी वर चढते, तितकीच ओहोटी खाली जाते आणि एरवी बुडालेला तळ उघडा पडतो. अष्टमीच्या भांगात तसं होत नाही. हे गणित मुख्यतः बायकांनी सांभाळलं. ज्यांच्याकडे होडी नव्हती, त्यांच्याही चुलीवर त्यामुळे कालवण शिजलं.

मांस खाल्लं तरी शिंपल्या वाया जात नसत. शिंपली म्हणजे जवळजवळ शुद्ध चुनखडीच. भट्टीत सुमारे ९०० अंशांवर भाजली की १०० किलो चुनखडीची ५६ किलो कळी उरते. ती पाण्यात विरवली की चुना तयार! पानाला लावायला तो, घर सारवायला तो आणि दगडावर दगड बसवायलाही तोच. भिंतीतला चुना हवेतला कार्बन वायू शोषून पुन्हा चुनखडी होतो. किनाऱ्यावरच्या जुन्या बांधकामांत नीट न भाजलेल्या शिंपल्यांचे पांढरे कण अजूनही दिसतात. मुंबईतल्या चुनाभट्टीनं तर हा धंदा नावातच जपला आहे.

किल्ले कोणी बांधले, कोणी जिंकले, हे आपण लिहून ठेवलं. शिंपल्या गोळा करणारे, भट्टी पेटवणारे हात मात्र नोंदीबाहेर राहिले. आता तर तिसरीचीच चिंता आहे. ती पाणी गाळून जगते, त्यामुळे सांडपाण्यातली घाण तिच्या अंगात साठते. मुंबई उच्च न्यायालयानं २००५ मध्ये खारफुटीला संरक्षण दिलं. उघड्या चिखलाकडे मात्र आपण मोकळी जागा म्हणूनच पाहतो.

किल्ल्यांची डागडुजी व्हायलाच हवी. त्याचबरोबर खाडीकाठच्या वृद्ध स्त्रियांना विचारून तिसऱ्यांच्या जागा आणि त्यांची नावंही लिहून घ्यायला हवीत, असं मला वाटतं. इतिहासाची ती साधनं अजून बोलती आहेत.