ऐकणाऱ्याला कोण ऐकणार?

समुपदेशकाने स्वतःची काळजी कशी घ्यावी, यावरच्या कार्यशाळांना आता तोटा नाही. प्राणायाम करा, पुरेसे झोपा, रोजनिशी लिहा, घरी गेल्यावर कामातली प्रकरणे डोक्यातून काढून टाका, असे सांगितले जाते. सल्ले वाईट नाहीत, पण थकवा समुपदेशकाचा म्हणून उपायही त्यानेच करायचा, असे त्यांत गृहीत धरलेले असते. या व्यवसायाचा इतिहास चाळला तर हे गृहीतक अलीकडचे ठरते. दुसऱ्याचे दुःख ऐकण्याला शिस्तबद्ध पेशाचे रूप येत होते, तेव्हाच ऐकणाऱ्याला सांभाळणे हा प्रशिक्षणाचा आणि संस्थेच्या रचनेचा भाग झाला होता. ते काम व्यक्तीच्या फावल्या वेळेत ढकलले गेले नंतर.

मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड याने १९१० मध्येच सांगितले होते की, रुग्णामुळे उपचार करणाऱ्याच्या मनातही भावना उसळतात आणि त्या ओळखल्या नाहीत तर उपचार अडतो. पण ओळखायच्या कशा? १९२० मध्ये बर्लिनला माक्स आयटिंगॉन आणि सहकाऱ्यांनी मनोविश्लेषणाचे क्लिनिक उघडले आणि या प्रश्नाला संस्थात्मक उत्तर दिले. पैसे नसलेल्यांवर तिथे मोफतही उपचार होत, त्यामुळे गर्दी होती आणि शिकाऊ लोकांच्या हाती केस द्याव्याच लागत. म्हणून शिक्षणाचे तीन भाग ठरले: स्वतःचे मनोविश्लेषण, तात्त्विक अभ्यास, आणि अनुभवी विश्लेषकाच्या देखरेखीखाली हाताळलेल्या केसेस. पुढे जगभरच्या मनोविश्लेषण संस्थांनी हाच साचा उचलला. खुद्द फ्रॉइडने १९३७ मध्ये सुचवले की, मुरलेल्या विश्लेषकानेही साधारण दर पाच वर्षांनी पुन्हा विश्लेषण करून घ्यावे आणि त्यात लाज मानू नये. अनुभव वाढला की माणूस आपोआप सुरक्षित होतो, यावर त्याचा विश्वास नव्हता.

महाविद्यालयांत देखरेखीखाली शिकण्याची ही पद्धत आली ती निराळ्या वाटेने. १९३० च्या दशकातल्या अमेरिकी विद्यापीठांत विद्यार्थ्यांना सल्ला देणारा माणूस चाचण्या घेई, निकाल वाचे आणि काय करायचे ते सांगे. मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स १९४० मध्ये ओहायो स्टेट विद्यापीठात आला आणि त्याने विद्यार्थ्यांसाठी समुपदेशनाचा पर्यवेक्षित प्रात्यक्षिक वर्ग सुरू केला. सत्रे ध्वनिमुद्रित होऊ लागली. तबकडीची एक बाजू काही मिनिटांतच भरायची, म्हणून दोन यंत्रे आळीपाळीने चालवावी लागत. पण त्या खटाटोपातून जे हाती आले ते कोणत्याही पाठ्यपुस्तकात नव्हते. सल्ला देणारे समुपदेशक ऐकणाऱ्या समुपदेशकांच्या जवळजवळ सहापट शब्द बोलतात, असे एका विद्यार्थ्याच्या अभ्यासात आढळले. त्याआधी समुपदेशक आपल्या आठवणीतून सत्राचा वृत्तांत देई, आणि आठवण बहुधा मालकाचीच बाजू घेते. तबकडी वर्गात लागली की चूक, घाई, घाबरणे सगळ्यांसमोर येई आणि त्यावर सगळ्यांनी मिळून विचार करता येई. शिकाऊ माणसावरचा निम्मा भार तिथेच उतरत असावा.

तरीही सगळा भार असा उतरत नाही, याचा दाखला रॉजर्सच्याच आयुष्यात आहे. शिकागो विद्यापीठाच्या समुपदेशन केंद्राचा प्रमुख असताना, १९४० चे दशक संपत आले होते तेव्हा, गंभीर मानसिक आजार असलेल्या एका स्त्रीच्या केसमध्ये तो इतका गुंतला की तिचे कोणते आणि आपले कोणते हेच त्याला कळेना. एके दिवशी त्याने पत्नीला सांगितले की आपल्याला इथून निघायलाच हवे, आणि तासाभरात दोघे गाडीने शहराबाहेर पडले. परतायला दोन-तीन महिने लागले. दरम्यान एका तरुण मनोविकारतज्ज्ञाने ती केस आपल्याकडे घेतली होती, आणि परतल्यावर केंद्रातल्याच एका सहकाऱ्याकडे रॉजर्सने स्वतःसाठी उपचार घेतले. हे सारे त्याने पुढे आत्मकथनात मोकळेपणाने लिहिले आहे. त्या काळातला सर्वांत नावाजलेला समुपदेशक सावरला, त्यात त्याच्या मनोबळाचा वाटा असेलच. पण केस घेणारा दुसरा माणूस हजर होता आणि प्रमुखाला महिनोन्‌महिने जाऊ देणारे केंद्र होते, हे विसरून चालणार नाही.

‘बर्नआउट’ हा शब्द ज्याच्यामुळे व्यावसायिक लेखनात रुळला, त्या हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गरच्या बाबतीतही संस्थेचा हा वाटा विसरला गेला आहे. न्यूयॉर्कमधल्या मोफत दवाखान्यांत तो दिवसाची प्रॅक्टिस आटोपून रात्री उशिरापर्यंत काम करी. त्याच्या १९७४ च्या लेखात व्यायामाचा सल्ला आहे, पण भर आहे तो कामाचे तास मर्यादित ठेवण्यावर, एकच काम एकावर सतत न टाकण्यावर, रजेवर आणि माणसे वाढवण्यावर. त्यातला व्यायामच तेवढा आपल्याकडच्या कार्यशाळांपर्यंत पोहोचला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची नोंद आजार म्हणून केली नाही. कामाच्या ठिकाणचा ताण नीट न हाताळल्याने उद्भवणारी घटना, अशी केली.

ऐकणाऱ्याला संस्थेने पर्यवेक्षणातून सांभाळावे, यावर पहिला आक्षेप असा की पर्यवेक्षण म्हणजे पाळत. ज्याच्या हाती पास-नापास आहे त्याच्यासमोर कोण मन मोकळे करील? आक्षेप खरा आहे. शिकाऊ माणसाचे विश्लेषण करणाऱ्यानेच त्याच्या केसेस तपासाव्यात की दुसऱ्याने, यावर बुडापेस्टचे विश्लेषक आणि व्हिएन्ना-बर्लिनचे विश्लेषक १९३० च्या दशकात भांडले होते. पण त्यातून निघते ते एवढेच की गुण देणारा आणि ऐकणारा वेगळा असावा. ब्रिटनमधल्या समुपदेशकांच्या मुख्य संघटनेच्या मान्यताप्राप्त सदस्यांना महिन्याला किमान दीड तासाचे पर्यवेक्षण कारकीर्दभर सक्तीचे आहे. अमेरिकेत प्रशिक्षण काळात दर आठवड्याला वैयक्तिक आणि गट असे दोन्ही पर्यवेक्षण लागते, परवाना मिळाला की बहुतेक राज्यांत ती अट संपते. ‘स्वतःची काळजी’ ही भाषा तिथेच जास्त फोफावली, हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही. दुसरा आक्षेप जबाबदारीचा: प्रौढ माणसाने स्वतःला सांभाळू नये का? सांभाळावे. पण अमेरिकी मानसशास्त्रज्ञांची आचारसंहितासुद्धा, स्वतःच्या अडचणी कामात आड येत असतील तर इतर व्यावसायिकाचा सल्ला घ्या, असेच सांगते. तिसरा आक्षेप पैशाचा, आणि तो सर्वांत जुना. बर्लिनचे क्लिनिकसुद्धा बऱ्याच अंशी आयटिंगॉनच्या घरच्या फर-व्यापारातल्या पैशावर चालले होते.

हा इतिहास आपल्याला परका नाही. १९३६ मध्ये मुंबईत समाजकार्याची टाटा शाळा सुरू झाली. प्रत्यक्ष वस्तीत काम आणि त्यावर पर्यवेक्षकासोबत नियमित बैठक हा समाजकार्य शिक्षणाचा कणाच आहे. मात्र महाविद्यालयीन समुपदेशक नेमताना हा कणा काढून घेतला जातो. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांच्या संदर्भात, शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शैक्षणिक संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक असावा, असे निर्देश दिले. ते हवेच होते. पण तालुक्याच्या गावातल्या महाविद्यालयात ‘किमान एक’ म्हणजे बहुधा नेमका एक, आणि केस उचलायला शेजारच्या खोलीत कोणी नाही. जवळपासच्या चार-पाच महाविद्यालयांनी मिळून एक बाहेरचा अनुभवी पर्यवेक्षक ठरवला आणि त्यांच्या समुपदेशकांना पंधरा दिवसांतून एकदा, कामाच्या वेळेत, एकत्र बसवले तर खर्च प्रवेशाच्या जाहिरातीहून कमीच येईल. त्यासाठी नेमणूकपत्रात एक ओळ वाढवावी लागेल, आणि तो वेळ हजेरीपटावर काम म्हणून मांडावा लागेल.