खेळ शिकवितां येतो काय?

खेळ खेळावयाचा असतो, तो शिकवितां येत नाहीं, असें डॉ. जेम्स नेस्मिथ यांचें मत होतें; आणि नेस्मिथ हे तर बास्केटबॉलचे प्रत्यक्ष जनक! १८९१ च्या डिसेंबरांत अमेरिकेंतील स्प्रिंगफील्ड येथें, हिवाळ्यांत बंद दालनांत खेळतां यावें म्हणून, त्यांनीं पीच फळांच्या टोपल्या टांगून व तेरा नियम लिहून हा खेळ सिद्ध केला. १८९८ मध्यें ते कॅन्सस विद्यापीठांत आले. तेथें त्यांच्या संघानें ५५ सामने जिंकले आणि ६० गमावले. पण जयापजयाची चिंता त्यांनीं कधीं वाहिली नाहीं.

त्यांच्याच संघांत फॉरेस्ट ॲलन नांवाचा विद्यार्थी होता. बेकर विद्यापीठानें त्याला मार्गदर्शक म्हणून बोलाविलें, तेव्हां हा खेळ शिकवावयाचा नसतोच, असें गुरूंनीं त्याला बजाविलें, अशी आख्यायिका आहे. शिष्यानें मात्र तें ऐकिलें नाहीं. १९०७ मध्यें ॲलन हे कॅन्ससमध्यें गुरूंच्याच जागीं आले. पुढें अस्थिचिकित्सेचें शिक्षण घेऊन त्यांनीं १९१२ पासून वॉरन्सबर्गच्या अध्यापक-विद्यालयांत फुटबॉल व बास्केटबॉल या दोन्ही संघांची धुरा वाहिली. अमेरिकन फुटबॉल म्हणजे चेंडू हातीं घेऊन धांवण्याचा, अंगमेहनतीचा व धक्काबुक्कीचा खेळ. त्यामुळें खेळाडूंचीं हाडें व सांधे यांची पारख असलेला शिक्षक तेथें विशेष उपयोगी होता.

१९१९ मध्यें ते कॅन्ससला परतले. १९२० सालीं त्यांनीं तेथील फुटबॉल संघही एक हंगाम सांभाळला. नंतरचें आयुष्य मात्र बास्केटबॉललाच वाहिलें. १९२७ मध्यें नियम-समितीनें चेंडू आपटीत नेण्यावर कडक बंधन घालण्याचें ठरविलें, तेव्हां ॲलन यांनीं देशांतील मार्गदर्शकांची संघटना उभारून तो बेत हाणून पाडला. ऑलिंपिकमध्यें या खेळास स्थान मिळावें म्हणूनही त्यांनीं खटपट केली. १९३६ मध्यें बर्लिन येथें तें मिळालें, आणि वृद्ध नेस्मिथ यांनीं तो सोहळा डोळ्यांनीं पाहिला.

१९५२ मध्यें कॅन्ससनें राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविलें. चार वर्षांनीं, विल्ट चेंबरलेन हा असामान्य खेळाडू मुख्य संघांत येण्याच्या बेतांत असतांनाच, सत्तर वर्षांच्या वयोमर्यादेमुळें ॲलन यांना निवृत्त व्हावें लागलें. तोंवर त्यांच्या हाताखालील ॲडॉल्फ रप हे स्वतःच नामांकित मार्गदर्शक झाले होते. डीन स्मिथ पुढें झाले.

गुरुशिष्यांचा वाद निकालीं निघाला असें म्हणावें, तर कॅन्ससचें क्रीडागृह पाहावें. इमारतीला नांव ॲलन यांचें आहे. आंतील क्रीडांगणाला नेस्मिथ यांचें.