गूळ, सुरखी आणि राख

लोणखेड्यातल्या आमच्या घराचा स्लॅब १९९४ साली टाकला. माल लवकर पसरावा म्हणून मिस्त्रीने त्यात बादलीवर बादली पाणी ओतले, आणि आठवडाभरात वरून पाणी मारणेही थांबले. वीस वर्षांत पोपडे सुटले. आतली सळई गंजून फुगली होती. त्याच काळात चुन्यात बांधलेल्या जुन्या वाड्यांच्या भिंती धड उभ्या दिसत. 'जुने ते सोने' म्हणून मी विषय सोडणार होतो. पण चुन्याच्या भिंतीत सळईच नसते, मग गंजणार काय? तुलना करायची तर मालाचीच करायला हवी, असे वाटून शोध सुरू केला.

जुने गवंडी बैलाच्या घाणीत चुना मळताना त्यात गुळाचे पाणी, हिरड्याचा काढा घालत. गुळातली साखर चुन्याशी संयोग पावते. माल मऊ राहतो, सावकाश घट्ट होतो. सिमेंटवरही साखरेचा असाच परिणाम होतो. ५० किलोच्या गोणीला २५ ग्रॅम साखर मिसळली, तरी माल आवळायला काही तास उशीर होतो; प्रमाण बरेच वाढले तर तो आवळतच नाही. उसाच्या आमच्या शहादा तालुक्यात हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. आज लांबून गाडीने येणाऱ्या काँक्रीटमध्ये माल उशिरा आवळावा म्हणून रसायने घालतात, त्यांचे काम गुळासारखेच.

दुसरा जिन्नस सुरखी, म्हणजे बेताने भाजलेल्या विटांची भुकटी. तिच्यातली सिलिका चुन्याशी मिळून पाण्यातही टिकणारा बंध तयार करते. रोमन लोकांनी नेपल्सजवळच्या पोझ्झुओलीची ज्वालामुखीची राख याच कामी वापरली. सिमेंट भिजले की त्यातूनही चुना मोकळा होतो. औष्णिक वीज केंद्राची राख त्याला धरते आणि माल अधिक घट्ट होतो. सह्याद्रीतल्या घाटघर प्रकल्पात देशातले पहिले रोलरने दाबलेल्या काँक्रीटचे धरण झाले, तेव्हा सिमेंट आणि राखेच्या मिश्रणात राखच निम्म्याहून अधिक होती.

मग आमचा स्लॅब का बिघडला? डफ एब्रम्स यांनी १९१८ साली शिकागोत दाखवून दिले की, सिमेंटच्या मानाने पाणी वाढले की ताकद घटते. सिमेंटला लागते त्याहून जास्तीचे पाणी उडून जाते आणि मागे छिद्रे उरतात. त्यांतून हवा व ओल शिरते, सळईचे रक्षण करणारा सिमेंटचा क्षारगुण ओसरतो. गंजलेली सळई फुगून वरचा थर ढकलते. वाळूतला गाळ आणि चपटी खडी हीही पाण्याची मागणी वाढवतात. भारतीय मानकानुसार नैसर्गिक वाळूत ७५ मायक्रॉनहून बारीक कण ३ टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाहीत. तापीची वाळू नावाजलेली खरी, पण नावावर न जाता ती बाटलीत पाण्याबरोबर हलवून ठेवावी. वर बसणारा गाळाचा थर डोळ्यांना दिसतो.

आज दुकानात मिळणाऱ्या पीपीसी गोणीत १५ ते ३५ टक्के राख असते. ती सावकाश काम करते, म्हणून तिला ओलही जास्त दिवस लागते. कोरड्या, उष्ण हवेत अशा सिमेंटला किमान १४ दिवस ओलावा हवा, असे मानक सांगते. आमच्याकडे पाचव्या-सहाव्या दिवशीच पाणी थांबते. नवा स्लॅब टाकताना मी पाण्याची बादली मोजून दिली आणि १४ दिवस गोणपाट ओले ठेवले.